आगडेसाहेबांचे पाच गंजीफ्रॉक

आमच्या घरात लोकरीचा कपडा म्हणजे बाबांची एक घोंगडी, तरीही लोकरीला कसर लागली आहे हे नुसत्या बोटांनी कसं ओळखायचं ते मला आठव्या वर्षी येत होतं. दसरा झाला की आई मला घेऊन गिरणीच्या आवारातल्या बंगल्यावर जायची. पावसाळाभर दमटून गेलेले साहेबांचे कपडे अंगणात दोरीवर घालायचे, झटकायचे, कुठे भोक पडलं असेल तर रफू करायचं आणि वेखंडाचे तुकडे घालून पुन्हा ट्रंकेत भरायचे, हे तिचं काम. साहेबांचं नाव ऑग्डेन. ते साळखात्याचे, म्हणजे विणकामाच्या खात्याचे मास्तर होते. पण साळखात्यातली माणसं बहुतेक आमच्यासारखी मालवण-कुडाळकडची, आणि त्यांच्या तोंडात ऑग्डेन काही बसलं नाही. त्यांनी आगडे केलं. आगडेसाहेब. माझी बरीच वर्षं अशी समजूत होती की ते आमच्याच बाजूचे कुणीतरी आहेत आणि उन्हात न हिंडल्यामुळे गोरे राहिले आहेत.

आम्ही परळला गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत राहत होतो. एकच खोली. भिंतीपलीकडे माग, त्यामुळे दिवसभर फडताळातली भांडी बारीक थरथरत असायची. त्या थरथरीची इतकी सवय झाली होती की रविवारी माग बंद झाले की आईला चुकल्यासारखं व्हायचं. ती उगाचच एखादी वाटी उचलून ठेवायची, आवाज येतो की नाही ते पाहायला. पहाटे भोंगा व्हायच्या आत बाबांची पेज आणि भाजलेला सुका बांगडा तयार लागायचा. बाबा साळखात्यात जॉबर होते, पन्नासेक मागांवरची माणसं त्यांच्या हाताखाली. घरात मात्र ते फार कमी बोलायचे. आज वाटतं, दिवसभर मागांच्या गोंगाटात ओरडून बोलावं लागत असेल, मग घरी शब्द खर्च करायला नको वाटत असणार.

साहेबांच्या ट्रंकेत कोट, पाटलोणी, मोजे असं सगळं होतं, पण आईचा जीव होता तो तळाशी ठेवलेल्या पाच गंजीफ्रॉकांवर. साहेब त्यांना जर्सी म्हणायचे. आम्ही गंजीफ्रॉकच म्हणत आलो. जाड लोकरीचे, लांब बाह्यांचे, प्रत्येकाचा रंग वेगळा: एक गडद तांबडा, एक काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, एक निळा, एक हिरवट आणि एक पांढरा, जो मी पाहिला तेव्हा ताकासारखा पिवळसर झाला होता. विलायतेत, त्यांच्या कापडगिरण्यांच्या मुलखात, साहेब मास्तर होण्याआधी फुटबॉल खेळायचे, आणि नुसते हौसेने नव्हे. त्याचा त्यांना पगार मिळायचा. पाच संघांकडून खेळले आणि प्रत्येक संघाचा, सामन्यात अंगावर असलेला एकेक गंजीफ्रॉक त्यांनी ठेवून घेतला. मग डावा गुडघा कायमचा गेला आणि ते इकडे आले. मैदानावर त्यांची जागा बॅकची. बॅक म्हणजे काय, हे त्यांनी मला दोरीखाली उभं राहून सांगितलं होतं: "मेरा काम गोल करना नहीं. मेरा काम रोकना." आईला हे कळल्यावर ती बराच वेळ हसत होती. नुसतं अडवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे तिला कुणी पटवून देऊ शकलं नाही.

पण त्या कपड्यांवरचे डाग आणि ठिगळं तिला साहेबांपेक्षा जास्त कळायची. हिरव्याच्या पाठीवर चिखलाचा डाग होता, तो साहेबांनी मुद्दाम जाऊ दिला नव्हता. काळ्या-पिवळ्याचा खांदा उसवून पुन्हा शिवलेला होता. आणि सगळ्यांवर कुणीतरी फार निगुतीने रफू केलेलं होतं. पहिल्याच वर्षी आईने तो तांबडा उलटा करून उजेडात धरला आणि ती म्हणाली, "ही बाई डावरी आसा." टाके नेहमीसारखे उजवीकडे नव्हे, डावीकडे झुकले होते. बाबांनी ते सहज साहेबांच्या कानावर घातलं. साहेब काम टाकून बंगल्यावर आले आणि आईकडे पाहत उभेच राहिले. ते टाके त्यांच्या बायकोचे होते आणि ती खरोखरच डावखुरी होती. ती तिकडेच होती, गावाकडे, लहान मुलीला घेऊन. मुलीला इकडची हवा मानवणार नाही म्हणून त्या आल्या नव्हत्या. त्या दिवसापासून साहेबांनी त्या कपड्यांना आईखेरीज कुणाला हात लावू दिला नाही. आईही जिथे नवं भोक पडेल तिथे त्या बाईच्या टाक्याला लागूनच आपला टाका घालायची, तिचा न उसवता. चारपाच वर्षं असं चाललं. समुद्राच्या दोन बाजूंच्या दोन बायका एकच कपडा शिवत होत्या, आणि एकमेकींचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

साहेबांनी गिरणीतल्या माणसांचा एक संघ जमवला होता. रविवारी गिरणीमागच्या मोकळ्या जागेत खेळ चालायचा. आमची माणसं अनवाणी, धोतर वर खोचून. बाबांना त्यांनी बॅक केलं. माझ्या अबोल बाबांना ते काम इतकं शोभलं की चाळीतल्या बायकासुद्धा गॅलरीतून पाहायला उभ्या राहायच्या. एकदा दुसऱ्या एका गिरणीचा संघ आला, त्यात बूट घातलेले दोन गोरे होते. बाबांच्या अंगठ्याचं नख त्या दिवशी मुळापासून निघालं, पण त्यांनी एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब लंगडत आमच्या खोलीच्या दाराशी आले आणि त्यांनी तो तांबडा गंजीफ्रॉक बाबांच्या हातात ठेवला. बाबा तो फक्त रविवारी घालायचे, घामाने चिंब करून आणायचे आणि स्वतः वाळत घालायचे. आईला धुवू द्यायचे नाहीत. त्याच्या उजव्या कोपरावर तांबड्या लोकरीत एक मोठं निळं रफू होतं, लांबून गोंदल्यासारखं दिसायचं.

मग एका हिवाळ्यात तिकडून पत्र आलं. साहेबांची बायको गेली होती. पत्र पोचलं तेव्हा तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. साहेब दोन दिवस खात्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने त्यांच्यासाठी घावणे केले आणि मी व आई ते घेऊन बंगल्यावर गेलो. साहेब पायरीवर बसले होते, ट्रंक उघडी होती, आणि जो समोर येईल त्याला ते गंजीफ्रॉक देत होते. मासे घेऊन आलेल्या शिवडीच्या कोळणीला निळा दिला. लालबागचा एक साळी काही विचारायला आला होता, त्याला हिरवा. टायमकीपर बापट कसल्याशा सहीसाठी आले, त्यांनी नको नको म्हटलं तरी काळा-पिवळा त्यांच्या काखेत गेला. बंदरावरून खोका घेऊन आलेल्या एका खलाशाला पांढरा मिळाला. आईने घावणे पायरीवर ठेवले आणि ती पाहत राहिली. घरी येताना ती एकच वाक्य बोलली, की आज साहेबांनी बायको दुसऱ्यांदा घालवली.

फाल्गुन लागला आणि चाळीत शिमग्याला गावी जाण्याची तयारी सुरू झाली. एका रविवारी सकाळी साहेब आमच्या खोलीत आले. त्याआधी ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. बाबांनी त्यांना आपली लाकडी पेटी बसायला दिली. आई चुलीपाशी, पदर पुढे ओढून. मी उंबऱ्यावर. साहेबांच्या हातात त्यांच्या मुलीचं, एडिथचं पत्र होतं. ती माझ्याच वयाची, अकरा वर्षांची, आजीकडे राहत होती. साहेब आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत एकेक वाक्य सांगत होते आणि बाबा ते आमच्या बोलीत आईला सांगत होते. आजीने आईचे सगळे कपडे वाटून टाकले, असं मुलीने लिहिलं होतं. माझ्याकडे आईच्या हातचं काही राहिलं नाही. तुमच्या जर्सींवर तिचे टाके आहेत, त्या मला पाठवा. पुढे साहेब खाली मान घालून म्हणाले की एडिथला त्यातली एक जर्सी नीट आठवते. एका संध्याकाळी तांबडी लोकर संपली म्हणून आईने कोपराला निळी लावली, आणि तेव्हा एडिथ दिवा धरून शेजारी बसली होती.

मैदानावर ऐकून ऐकून मला हिंदुस्थानी कळत होतं. आईला कळत नव्हतं. बाबा थांबले. मग म्हणाले, "चेडू आवशीची आठवण मागता." निळ्या लोकरीचं ते काहीच बोलले नाहीत.

साहेबांनीही मागितलं नाही. दिलेली वस्तू आपण परत मागत नाही, एवढंच म्हणाले, पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि गेले. त्यांनी ते कुणाला तरी सांगायचं म्हणून सांगितलं होतं, असं आज माझ्या लक्षात येतं. या शहरात बसून सांगावं असं त्यांना दुसरं घर नव्हतं.

साहेब गेल्यावर आई चुलीपासून उठली आणि म्हणाली की मी ते गोळा करून आणते. बाबांना ते आवडलं नाही. दिलेली वस्तू परत मागतत काय कोण, माझी खात्यात लाज जायत, असं त्यांचं म्हणणं. आईने माझ्या देखत बाबांना उलट उत्तर दिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "साहेबाची वस्तू नाय ती," ती म्हणाली. "त्या चेडवाच्या आवशीचो हात आसा तो." बाबा टोपी घालून बाहेर निघून गेले. आई एकटी कधी गल्लीच्या टोकापलीकडे गेलेली नव्हती. तिने आपली दोन जुनी, मऊ झालेली लुगडी पिशवीत घातली आणि मला बरोबर घेतलं.

पहिल्यांदा लालबागला, कारण तो साळी बायकामुलांसह दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गावी निघणार होता. त्याची बायको सरूबाई बोचकी बांधत होती. हिरवा गंजीफ्रॉक कुठे आहे विचारल्यावर तिने झोळीकडे बोट दाखवलं. तान्ह्या पोराच्या अंगावर एक लहानशी गोधडी होती, तिच्या मधोमध चिखलाच्या डागासकट हिरवी पाठ बसवलेली होती आणि बाह्या उशीत गेल्या होत्या. आई झोळीशी बसली. मग तिने सगळी हकिगत सांगितली, ती मुलगी केवढी आहे तेही सांगितलं. सरूबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या पोराक पांघरूण काय मग?" बोलण्यात राग नव्हता; तिला खरंच विचारायचं होतं. आईने पिशवीतून लुगडं काढलं. त्या दोघी भिंतीला टेकून समोरासमोर बसल्या, एकीने उसवायचं आणि दुसरीने त्या जागी लुगड्याचा तुकडा बसवायचा. बोचकी बांधायची राहिली होती, तरी दुपार उलटून जाईपर्यंत सरूबाई उठली नाही. उसवताना त्या बाईच्या टाक्याला धक्का लागू नये म्हणून ती दातांनी दोरा तोडत होती. निघताना तिने मला गुळाचा खडा दिला.

शिवडीला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चालत गेलो. आज ज्या भागाला कॉटन ग्रीन म्हणतात आणि जिथे कापसाची दगडी गोदामं उभी आहेत, तिथे तेव्हा खाजण होतं, ओहोटी लागली की चिखलात निवटे नावाचे छोटे मासे उड्या मारायचे. कोळणीचं घर बंदराशीच होतं. निळा गंजीफ्रॉक तिच्या नवऱ्याच्या अंगावर होता. तो जाळं दुरुस्त करत बसला होता आणि त्याने स्पष्ट नाही म्हटलं. पौषात त्याची होडी वाऱ्याने भलतीकडे नेली होती, दोन रात्री तो पाण्यावर होता, आणि ह्या लोकरीमुळे आपण वाचलो अशी त्याची खात्री होती. आईने वाद घातला नाही. लोकरीमुळे माणूस वाचला असेल तर ती मागायची कशी, हे तिलाही कळेना, आणि ती उठायला लागली. तेवढ्यात कोळणीने विचारलं की पोरीची आई कशाने गेली. आईला ते ठाऊक नव्हतं. कोळीण नवऱ्याकडे पाहत राहिली. तो थोडा वेळ जाळ्यातच बोटं घालून होता, मग त्याने उभं राहून गंजीफ्रॉक डोक्यावरून काढला आणि बायकोकडे दिला. ती तो आईच्या हातात देताना म्हणाली, "ने गो बाय. आईचा हात हाय त्यो, दर्यात नको जायला." आईने आपलं उरलेलं लुगडं पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. उलट करंदीचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, एक वाटा पानात बांधून दिला. पुढच्या हिवाळ्यात बाबांची घोंगडी शिवडीला गेली.

ठाकुरद्वारला जायचं म्हणजे आमच्या दृष्टीने परगावच. भायखळ्यापर्यंत चालत आणि तिथून घोड्यांच्या ट्राममधून. आई दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसली होती. बापट एका वाडीत राहत होते. ते कामावर होते, दार त्यांच्या आईने उघडलं. आम्ही कोण, कुठल्या, हे विचारून झाल्यावर त्यांनी आम्हाला अंगणातच बसवलं आणि वरून धरलेल्या तांब्यातून ओंजळीत पाणी घातलं. त्या काळी ते तसंच होतं आणि आईला त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र माझी ओली ओंजळ आजवर आठवते. पण त्याच बाईंचं दुसरंही मला आठवतं. साहेबाने घातलेला कपडा त्यांनी घरात घेऊ दिला नव्हता, तो लाकडांच्या खोपीत होता. त्यांनी गाठोडं आणून सोडलं तर आत घडीघडीत कडुलिंबाचा पाला होता, नुकताच बदललेला. आई त्यांच्याकडे पाहायला लागली, तेव्हा त्या जरा ओशाळल्या. "कुणीतरी बसून एवढं रफू केलंय," त्या म्हणाल्या. "कसर कशी लागू द्यायची?"

खलाशाचा मात्र पत्ता लागला नाही. आई दोनदा बंदरावर जाऊन आली. त्याचं जहाज कधीच गेलं होतं. तो पांढरा गंजीफ्रॉक कुठल्या समुद्रावर विरला कोण जाणे. मिळालेले तीनही आईने धुतले नाहीत, धुतलं तर जुने टाके ढिले होतील म्हणाली. नुसतं ऊन दाखवलं. आमच्या गॅलरीत माशांचा, बाळाच्या दुधाचा आणि कडुलिंबाचा वास एकत्र येत होता.

तांबड्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. ठिकठिकाणच्या लोकांकडे मागायला गेली, पण स्वतःच्या नवऱ्याकडे मागितलं नाही. मला रात्रंदिवस तेच डोक्यात. निळ्या लोकरीचं मला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, आणि बाबांना वाटत होतं की घरात आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. आईला सांगितलं तर बाबा खोटे ठरणार. नाही सांगितलं तर त्या मुलीने दिवा धरून पाहिलेला टाका तिला कधीच मिळणार नाही. रविवारी सकाळी बाबा खेळायला जाण्यापूर्वी तळपायांना तेल चोळत बसले होते, आई नळावर गेली होती. मी म्हटलं, "बाबा, साहेबांनी निळ्या टाक्याचाही सांगितला होता."

त्यांचा हात थांबला. "आवशीक सांगलंस?"

"नाय."

ते उठले, तांबडा गंजीफ्रॉक अंगात घातला आणि खेळायला गेले. मला वाटलं, संपलं. मी गॅलरीत उभी राहून खेळ पाहिला खरा, पण काय चाललं आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं. खेळ संपल्यावर मी खाली धावले. बाबा साहेबांसमोर उभे होते. सगळ्या साळखात्यादेखत त्यांनी गंजीफ्रॉक काढला, उघड्या अंगाने त्याची नीट घडी केली, कोपर वर येईल अशी, आणि पुढे धरला. साहेबांनी हात मागे घेतले. "तेरे को दिया था, गोविंद," ते म्हणाले. "तूने कमाया."

"कमाया मैंने," बाबा म्हणाले. "टाँका उसकी माँ का है."

साहेबांनी तो घेतला. बाबा तसेच घरी आले. आईने त्यांच्या उघड्या अंगाकडे एकदा पाहिलं आणि पाणी तापवायला ठेवलं. त्या दुपारी बांगड्याचा मधला मोठा तुकडा, जो ती नेहमी सगळ्यांत वाटायची, तो अख्खा बाबांच्या पानात पडला. ते लाजून खाली मान घालून जेवले. माझ्या वडिलांकडून मला मिळालेल्या गोष्टींत ती दुपार मी सगळ्यांत वर ठेवते. पुढच्या आयुष्यात चुकीचं काही हातून घडलं आणि ते सुधारायची वेळ आली, तेव्हा मला माणसांसमोर जायची भीती कधी वाटली नाही, कारण मी त्यांना मैदानावर उघड्या अंगाने घडी घालताना पाहिलं होतं.

आईने चारही गंजीफ्रॉक मांजरपाटात शिवले आणि ते पार्सल विलायतेच्या टपालाने गेलं. पावसाळा सुरू होऊन महिना झाला तेव्हा उत्तर आलं. साहेब पुन्हा आमच्या पेटीवर बसले. पार्सलाला माशांचा वास येत होता आणि आजीने ते दोन दिवस परसात ठेवलं, असं एडिथने लिहिलं होतं. ती रोज एक गंजीफ्रॉक उलटा करून पाहत होती. डावीकडे झुकलेले टाके आपल्या आईचे, हे तिने लगेच ओळखलं. पण उजवीकडे झुकलेले टाके कुणाचे, असं तिने विचारलं होतं. तिचं नाव काय?

या वेळी बाबांनी शब्दन् शब्द सांगितला. आईला नावाने हाक मारणारं त्या चाळीत कुणी नव्हतं. ती जॉबराची बायको होती, नाहीतर शेवंतीची आई. लग्नात बाबांच्या घरी ठेवलेलं पार्वती हे नाव मला माहीत होतं, ते फक्त पूजेच्या वेळी भटजी घ्यायचे. आईने पदर नीट केला आणि माझ्याकडे पाहून, साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "वेणू. माहेरचा नाव आसा माझा. वेणू लिवा म्हणान सांग." बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून त्यांनी ते नाव दोनदा, स्पष्ट करून सांगितलं.

त्याच महिन्यात साहेबांच्या सांगण्यावरून मी परळच्या मुलींच्या शाळेत गेले. एडिथची पत्रं येणार, आणि या घरातून कुणीतरी उत्तर द्यायला हवं, एवढंच त्यांनी बाबांना पटवलं होतं. आमच्या चाळीतून शाळेत गेलेली मी पहिली मुलगी. मी मराठीत लिहायची, बापट ते इंग्रजी करून द्यायचे, आणि एकदाही त्यांनी त्याबद्दल कटकट केली नाही. पुढे पस्तीस वर्षं मुलींना वाचायला-लिहायला शिकवणारी मी अशी घडले. त्यात कुणाकुणाचे हात लागले ते मोजायला बसले की सरूबाईच्या दातांपासून सुरुवात करावी लागते.

प्लेगच्या पहिल्या वर्षी आई गेली. तीन दिवसांत गेली. तिला नेलं आणि मागोमाग सरकारी माणसं आली. खोलीतलं सगळं, तिची लुगडी, गोधड्या, सुयादोऱ्यांची डबी, आवारात नेऊन जाळलं. त्यांचं काम होतं ते. बाबा व मी, रोग्याच्या घरच्यांना वेगळं ठेवायच्या सेग्रिगेशन कॅम्पमधून परत आलो तेव्हा खोलीला चुना मारलेला होता आणि फडताळात मागांबरोबर थरथरायला एकही भांडं नव्हतं. साहेबांनी तिकडे कळवलं असावं, कारण काही आठवड्यांनी एडिथचं पत्र आलं, प्रथमच माझ्या नावावर. तिने लिहिलं होतं, तुझ्याकडे आता काही नाही हे मला कळलं. मी तुझ्या आईचे टाके तेवढे कातरीने कापून पाठवू का?

मी दोन दिवस ते पत्र परकराच्या ओच्यात घेऊन हिंडले. मग बापटांकडे गेले आणि उत्तर सांगितलं. कापू नकोस, म्हटलं. त्या दोघी आयुष्यात कधी भेटल्या नाहीत. तिथे शेजारी शेजारी आहेत, तशाच राहू देत. तू मात्र दसऱ्याला त्यांना ऊन दाखवत जा. बापटांनी ते सावकाश इंग्रजीत उतरवलं आणि खाली माझं नाव लिहायला टाक बुडवला. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, नुसतं नाव नको, वेणूची मुलगी असं लिहा.